वक्त बघतो तो वक्ता

हैदराबाद, २३ नोव्हेंबर १९३६, सोमवार

आणि वर माणिकराव म्हणतात की उर्मट मीच! चार महिने तेच तुणतुणं. पुसेगावाहून पत्रावर पत्र, की पोरगी द्यायची तर जावई हैदराबादेत नेमकं काय करून राहिला ते आधी कळू द्या. अहो, लिहिलं न्हाई का? कालेजच्या विद्यार्थ्यांच्या बोर्डिंगात हाय. बोर्डिंगात काय हाय, हे खोदून विचारायची रीत कुठली? त्यांच्या गोजरला मी पसंत, मला गोजर पसंत. मधे हे काहून बोलतात?

भांडी घासतो, पाणी भरतो, हे मी कळवणार न्हाई. ते काम तात्पुरतं हाय. चार वर्षांपासून तात्पुरतं हाय.

संकल्प: माणिकराव माफी मागेपर्यंत त्यांना कार्ड टाकायचं न्हाई.

२४ नोव्हेंबर

माणिकरावांना कार्ड टाकलं. 'लवकरच मोठी खबर देतो' एवढंच लिहिलं. खबर अजून ठरली न्हाई.

२७ नोव्हेंबर

ठरली! बोर्डिंगचा सेक्रेटरी पुनमचंद, वकिलीचं शिकतो, बाप हिंगोलीचा अडत्या, त्यानं मला सगळ्यांदेखत बोलावलं. नाताळात हिंगोलीला विद्यार्थ्यांची वादविवाद परिषद हाय. पोरं कोट घालून भांडणार, आणि चांगलं भांडेल त्याला इनाम. नोकरमाणूस दिसला की पुनमचंदला हिंदी सुचते. म्हणाला, सटवा, तू चलेगा, घंटी बजाना और वक्त देखना. पाच मिनिटाला एक ठोका, सात मिनिटाला दोन.

एवढ्या माणसांतून मलाच निवडलं. स्वयंपाक्याला आधी विचारलं होतं, त्याला सुट्टी पाहिजे होती, ते वेगळं.

३० नोव्हेंबर

अक्षर चांगलं म्हणून परिषदेचे रूल उतरवायचं काम माझ्याकडे आलं. वीस कॉप्या. मी मराठी चौथी पास हाय (तिसरी दोनदा केली, म्हणून पक्की हाय). शब्द जड हायेत. अर्थ लागो न लागो, वेलांटी मी सोडत न्हाई.

२ डिसेंबर. पहाटेच उठलो, झोप लागेना

आठवी कॉपी उतरवताना डोक्यात उजेड पडला. रूल ९: 'परिषदेतील उत्कृष्ट वक्त्यास चांदीचे पदक देण्यात येईल.'

देतो तो दाता. करतो तो कर्ता. वक्त बघतो तो वक्ता. म्हणजे मी!

पोथीतही वक्ते-श्रोते येतात, न्हाई असं न्हाई. तिथं वक्ता म्हणजे पोथी सांगणारा. पण आमच्या शिरड शहापूरचे बुवा पोथी सांगता सांगता दर घडीला 'किती वाजले रे' विचारतात, म्हणजे मूळ अर्थ तोच.

परिषदेत वक्त बघणारा एकच. मेडल एकच. बराबर जुळलं.

३ डिसेंबर

माणिकरावांना आणि बाबाला दोन वेगळी कार्डं. 'हिंगोलीच्या परिषदेत मी वक्ता झालो हाय. चांदीचं मेडल मिळायचं हाय. येऊन बघावं.'

५ डिसेंबर

बोर्डिंगसमोर इनायत घड्याळवाल्याची टपरी हाय. मूळ हिंगोलीचाच, म्हणून बसतो त्याच्याकडे. परिषदेसाठी घड्याळ मागितलं. काहून म्हणाला. मी वक्ता झालो म्हणालो, आणि वक्ता म्हणजे काय तेही समजावलं. त्यानं डोळ्याचं भिंग काढलं न्हाई. म्हणाला, मियाँ, हमारे यहाँ वक्त दिखानेवाले को घड़ी बोलते हैं, और घड़ी को कोई मेडल नहीं देता, चाबी देते हैं.

जळतो. गाववाल्याचं भलं बघवत न्हाई. घड्याळ मात्र दिलं. वर स्वतःचा कोटही दिला. म्हणजे मनातून पटलेलं हाय.

८ डिसेंबर

मेडलचे मार्क असे: विषयाची मांडणी ४०, भाषा ३०, आवाज २०, हावभाव १०.

मांडणी: घंटा टेबलाच्या उजवीकडे, घड्याळ डावीकडे, मधे रुमाल. चाळीस पक्के.

आवाज: घंटा चिंच लावून घासली. आवाजात फरक पडला असं मला वाटतं.

हावभाव: हात आधी खांद्यापर्यंत न्यायचा, एक श्वास थांबायचं, मग ठोका. सकाळी प्रॅक्टिस केली. जेवणाची घंटाही हीच असल्यामुळे पोरं ताटं घेऊन तीनदा खाली आली. सुपरिंटेंडंट साहेब बोलले. कलेची कदर न्हाई.

भाषेचं काय करावं समजेना. घंटेला भाषा कुठली?

१२ डिसेंबर

समजलं. रूल ६: 'वक्त्याने ग्राम्य शब्द टाळावेत, अन्यथा दोन गुण वजा होतील.' पुनमचंदला विचारलं, ग्राम्य म्हणजे? म्हणाला, जो तू बोलता है, वो.

संकल्प: आजपासून 'न्हाई' म्हणायचं न्हाई. नाही म्हणायचं. 'हाय' नाही, आहे. 'काहून' नाही, का. डायरीतसुद्धा.

दिवसभर कोणाशी बोललो नाही. सोपं गेलं.

१५ डिसेंबर

रूल दहाच होते, कागद खाली रिकामा राहत होता. शोभेसाठी अकरावा घातला: 'वक्त्यास सर्वांनी मान द्यावा व हसू नये.' वीसही कॉप्यांत घातला. पुनमचंदने न वाचताच सही केली. वकील होणार आहे हा.

१८ डिसेंबर

बाबाचं पत्र, नेहमीसारखं गावच्या मास्तराच्या हातचं. मास्तरानं माझं कार्ड चावडीवर मोठ्यानं वाचलं आणि सांगितलं म्हणे, की सटवाजी हजार माणसांत भाषण ठोकणार. माणिकराव खुश आहेत. त्यांनी निरोप धाडला, की पोरगं आमच्या डोळ्यांदेखत चार मोठ्या माणसांत उभं दिसलं, की तिथंच तारीख धरू. पुसेगावाहून दोन गाड्या भरून येणार. बाबाही येणार.

मास्तराचा गैरसमज झालेला दिसतो. चौथीच्या वर त्यानं शिकवलेलं नाही, परिषदेचे शब्द त्याला कुठून ठाऊक? दुरुस्ती कळवायला हवी. पण दोन गाड्या भरल्या आहेत म्हणतात. राहू द्या.

२२ डिसेंबर

पुनमचंद पोरांना सांगत होता, की उत्कृष्ट वक्त्याचं मेडल यंदा बहुतेक परभणीच्या पोराला जाणार. मग विचार केला, परभणीवाला वाजवणार काय? घंटा एकच, आणि ती माझ्या ट्रंकेत. कुलूप घातलं. किल्ली करदोट्याला बांधली.

२६ डिसेंबर, हिंगोली

पूर्णेला गाडी बदलली. पोरं आतल्या डब्यात भाषणं घोकत होती, मी सामानापाशी ट्रंकेवर बसून आलो. स्टेशनवर हमालानं ट्रंकेला हात लावला तर मी ओरडलो. ग्राम्य शब्द गेले दोन-तीन. परिषद अजून सुरू झाली नव्हती, म्हणून मार्क कापता येणार नाहीत.

२७ डिसेंबर, रविवार, दुपार. जेवणाची सुट्टी

सकाळ माझी झाली!

मंडप भरला होता. अध्यक्ष म्हणून एक रिटायर तहसीलदार. त्यांनी रूल वाचले, अकरावाही वाचला, आणि तो फार सुसंस्कृत आहे म्हणाले. टाळ्या पडल्या. मी उठून नमस्कार केला.

विषय: 'शहरापेक्षा खेड्यातील जीवन सुखाचे आहे.' नऊ पोरं बोलली. सहाजण म्हणाले खेडं सुखाचं. सहाही शहरात राहतात. एकानं तर मोटेचं पाणी मधुर असतं म्हणून डोळे मिटले. मंडपात मोट हाकलेले दीडशेक जण खाली बसले होते, त्यांना कोणी विचारलं नाही. मी खेड्यातला, मलाही नाही. मी वाजवत होतो.

हावभाव फार जमून आले. फक्त नांदेडच्या पोराच्या वेळी थोडं झालं. रूल ७ म्हणतो: 'दुसऱ्या घंटेनंतर वक्त्याने आपल्या जागी बसावे.' मी दुसरी घंटा दिली आणि बसलो. तो पोरगा उभाच. एकोणीस मिनिटं बोलला. सगळे माझ्याकडे बघून राहिले होते. मी रूल सोडला नाही.

पुढचा वकिलाचा पोरगा होता, तो सात मिनिटांनंतरही थांबेना. त्याला मी उभं राहून लागोपाठ पाच ठोके दिले. शब्द अर्धा तोंडात ठेवून खाली बसला बिचारा.

माणिकराव पहिल्या ओळीत होते. सुट्टीत बाहेर आले, बाबाच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, लय वजन हाय बा पोराचं, वकिलाचं लेकरू एका हातानं गप केलं, त्याचा बाप कोर्टात कोणाच्या बापाला ऐकत न्हाई. भाषण कधी करणार म्हणून कोणी विचारलं, तर माणिकरावच त्याच्यावर खेकसले, भाषण काय कोणीही करतं, थांबवणारा लागतो. दिवस बुडायच्या आत तारीख धरू म्हणाले. गोजरचा मामा माझ्या कोटाचं कापड बोटांनी तपासून गेला.

म्हणजे मेडलच्या आधीच जमलं. मेडल मिळाल्यावर सायकल मागायला हरकत नाही.

२८ डिसेंबर

परिषद पार पडली. विशेष काही नाही. अंग जड आहे.

२९ डिसेंबर, गाडीत

जे झालं ते लिहून ठेवतो. पुढे लोक वेगळं सांगतील.

परवा संध्याकाळी अध्यक्ष उठले, म्हणाले, आता उत्कृष्ट वक्त्याचे पदक. आणि चष्मा शोधू लागले. मी वर गेलो. कोणी म्हणेल घाई केली. रूल ४ काय म्हणतो? 'नाव पुकारताच वक्त्याने विलंब न लावता व्यासपीठावर यावे.' नाव पुकारायचं तेवढं राहिलं होतं.

मी मान वाकवून उभा राहिलो. अध्यक्षांनी माझ्या हातात पाण्याचा रिकामा पेला दिला.

मी म्हणालो, हे नको साहेब, ते. आणि मेडलकडे बोट दाखवलं.

तरीही निभावलं असतं. पण पुनमचंद खालून म्हणाला, सटवा, नीचे आ, वो वक्ता के लिए है. मी म्हणालो, वक्ताच आलाय. मग मंडप जो हसला, जो हसला. मी रूल ९ तोंडपाठ म्हणून दाखवला. मग रूल ११ म्हणालो. अकराव्याला जास्त हसले. गप करायला म्हणून मी खाली येऊन घंटा वाजवायला लागलो, आणि वाजवतच राहिलो, तेव्हा पुनमचंदनं मागून कोट ओढला. इनायतचा कोट. बगलेत उसवला.

पदक परभणीच्या पोराला दिलं. त्यानं दिवसभरात घंटेला हात लावला न्हाई.

चूक कोणाची? एका बाजूनं वक्त म्हणायचं, दुसऱ्या बाजूनं वक्ता म्हणायचं, आणि मधे गरिबाला ठेवायचं. शब्द ठरवणाऱ्यांना आधी दोन मार्क वजा केले पाहिजेत.

बाबा धोतराच्या सोग्यानं माझा चेहरा पुसायला आला, मी पुसू दिला न्हाई.

माणिकराव बैलगाडीत चढता चढता थांबले. चिडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, घंटीवर बराबर बसला होतास लेका. आमी सगळे खुश होतो. तुला वर कोणी बोलावलं होतं?

याला माझ्याकडे उत्तर होतं. गाड्या निघाल्या म्हणून देता आलं न्हाई.

२ जानेवारी १९३७

माणिकरावांना पत्र लिहिलं, आठ पानं. सगळ्या रूलांसकट.

५ जानेवारी

इनायतला कोट शिवून दिला. त्यानं बगल बघितली, तोंड बघितलं, आणि न विचारताच चहा मागवला. हा माणूस मला समजत न्हाई.

१९ जानेवारी

पत्राचं उत्तर न्हाई. म्हणजे मुद्दे खोडता आलेले दिसत न्हाईत.

संकल्प: इंग्रजी शिकायचं. पुढच्या परिषदेत स्वतः बोलायचं. गोजरला तेवढं थांबायला सांगायचं.

२ फेब्रुवारी

बाबाचं पत्र. मास्तराचं अक्षर या वेळी बारीक, घाईनं लिहिल्यागत.

गोजरचं कुरुंद्याला जमलं. हळदीचं घर हाय, खाऊन-पिऊन सुखी. पोरगा कसा हाय म्हणून बाबानं माणिकरावांना विचारलं, तर म्हणाले, चांगला हाय, सांगितलं तेवढंच करतो. लग्न एकवीस तारखेला. तू येऊ नको, लोक घंटीचं विचारतील, पण आपल्या घराचा आहेर गेला पाहिजे, न्हाई तर उद्या गावात तोंड दाखवायची तकलीफ. पैसे लवकर धाड.

६ फेब्रुवारी

धाडणार न्हाई. काहून धाडू?

९ फेब्रुवारी

धाडीन, पण असा धाडीन की कुरुंदेकरांचे डोळे फिरतील. शालू. जरीचा. पठाणवाडीच्या दुकानात भाव विचारून आलो. दुकानदारानं कोणासाठी विचारलं. नातं सांगता येईना, परत आलो.

११ फेब्रुवारी

दहा रुपये धाडीन. सोबत चिठ्ठी, सुखी राहा म्हणून. शुद्ध भाषेत.

१२ फेब्रुवारी

चिठ्ठी चारदा लिहिली. चारही वेळा 'न्हाई' आलं. फाडली.

पाच बरे. दहा दिल्यासारखे दिसतात.

१३ फेब्रुवारी, शनिवार

डाकखान्यात गेलो. खिडकीतल्या बाबूनं फारम पुढे ढकललं, रक्कम सांग म्हणाला. मागं लाइन होती. कूपनवर मजकूर काय लिहू विचारलं. काही न्हाई म्हणालो. मनिआर्डर बाबाच्या नावानं केली.

सव्वा रुपया.