सोमवारी द्यायचं उत्तर

प्रिय निवेदिता,

शनिवार, १४ जून २०२५, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. सातवीचा वर्ग. तू आरोहीच्या हातातला खडू काढून घेतलास आणि तीस पोरांसमोर म्हणालीस, "स्वतःला येत नाही, आणि निघाली शिकवायला!" मी शेवटच्या बाकावर होते. मुख्याध्यापिकेला वर्गात टोकायचं नाही, ही मी शिकले त्या कॉन्व्हेंटची शिस्त, म्हणून गप्प बसले. चुकलेच. आता फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

नववीतल्या गणितात कच्च्या मुलींनी दर शनिवारी सातवीला गणित शिकवायचं, ही पद्धत मी निवृत्तीनंतर तुझ्याच परवानगीनं सुरू केली. हुशार मुलींनी नव्हे, कच्च्या मुलींनी. आरोहीला आठवीत अकरा मार्क होते. त्या दिवशी ती अपूर्णांकांचा भागाकार सांगत होती: दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं. पहिल्या बाकावरच्या चिमुरडीनं विचारलं, "आक्का, पण उलटा कशाला करायचा गं?" आरोही म्हणाली, "मला बी म्हाईत न्हाय. सोमवारी सांगतो." आणि नेमकी तू दारात!

रविवारी ती तिच्या गावाहून, कडोलीहून, बसनं माझ्या घरी आली. रडायला नव्हे. डब्यातून दीड भाकरी काढली, माझ्या टेबलावर तिचे चतकोर केले. "टीचर, दीड भागिले पाव, म्हंजे दिडात पाव किती येळा बसतंय. एका भाकरीचं चार चतकोर, म्हणून पाव उलटा करून चारनं गुणायचं. सहा आलं बघा. व्हय की न्हाय?"

निवेदिता, मला कॉन्व्हेंटात सिस्टरनी 'इन्व्हर्ट अँड मल्टिप्लाय' घोकवलं. मी तेच एकतीस वर्षं मराठीतून तुम्हा सगळ्यांकडून घोकून घेतलं. का, ते मला ठाऊक नव्हतं. बासष्टाव्या वर्षी कळलं, तेही अकरा मार्कवालीकडून. स्वतःच्या परीक्षेसाठी तिनं इतकं डोकं कधीच चालवलं नव्हतं. त्या चिमुरडीला उत्तर द्यायचं होतं, म्हणून चालवलं. पण सोमवारी तू तिला सातवीच्या वर्गात पाऊलही टाकू दिलं नाहीस. मंगळवारपासून ती शाळेत नाही. "बारक्यांस्नी तोंड कसं दाखवू?" म्हणते. तिची आई बाळाबाई म्हणते, शाळा बास झाली.

आता राहिलेलं सांगते. १९९८ साली, आठवीत, हाच प्रश्न तू मला विचारला होतास. मला उत्तर येत नव्हतं. "शहाणपणा नको," म्हणून मी तुला तासभर वर्गाबाहेर उभं केलं. त्यानंतर तू कधी प्रश्न विचारला नाहीस, आणि आता दुसऱ्यांनाही विचारू देत नाहीस. खडू हिसकावायला तुला मीच शिकवलं. शनिवारी, २८ जूनला, प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर मी तुझी माफी मागणार आहे. त्यानंतर तू आरोहीची मागायची, तिला सातवीच्या फळ्यापुढे उभं करायचं आणि स्वतः बाकावर बसून ऐकायचं. त्याआधी बाळाबाईच्या दारात तुला जावं लागेल. मी सोबत येईन. मान्य की अमान्य, ते बुधवार, २५ जून, संध्याकाळी पाचच्या आत सहीनिशी लेखी कळव. व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा पाठवलास, तर तो मी उत्तर धरणार नाही.

तुझीच,
विद्युल्लता टीचर