बाटलीचा कोट

४ फेब्रुवारी, सकाळ

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. बायकोला तर नाहीच.

बातमी मोठी आहे. व्हिस्कीच्या कंपनीबरोबर माझं कोलॅबोरेशन ठरलं. मार्केटिंगच्या मॅडम स्वतः दुकानात आल्या, सोबत गोल चष्म्याचा डिझायनर. त्यांच्या महागड्या बाटलीला चामड्याचं हाताने शिवलेलं कव्हर हवंय. बाटली संपली की गिऱ्हाईक त्याच कव्हरात नवी बाटली घालणार, वर्षानुवर्षं. मॅडम म्हणाल्या, चामडं वापरून आणखी छान होतं. मी म्हटलं, माणसाचंही तसंच. त्या हसल्या. बाबा कोपऱ्यात बसले होते, ते हसले नाहीत.

सव्वीस तारखेला मोठ्या साहेबांसमोर तीन नमुने. पसंत पडले की सगळी ऑर्डर माझी.

संकल्प: सहाला उठणे. चहा दिवसातून दोनदाच. दुरुस्तीची कामं कायमची बंद.

५ फेब्रुवारी

उठलो साडेआठला. पण विचार करत पडलो होतो, त्यामुळे तो वेळ कामातच धरायला हवा.

दारावरची 'चामडी वस्तूंची दुरुस्ती करून मिळेल' ही पाटी काढली. बाबांनी तरुणपणी स्वतः रंगवलेली. टेबलाखाली ठेवली, तोंड भिंतीकडे करून. बाबा पेपर वाचत राहिले. बायको बोलली. म्हणाली, घर याच पाटीवर चालतं, आधी ऑर्डर तर हातात येऊ दे. दातांच्या दवाखान्यात दिवसभर अपॉइंटमेंटा देऊन तिचा धीर खचलाय.

खरं सांगायचं तर मला लाज वाटते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तुटलेल्या वस्तू सांधल्या. एक तरी वस्तू माझी म्हणून लोकांच्या हातात जावी, एवढंच मला हवंय.

७ फेब्रुवारी

पोस्टमन आला, बॅगेचा पट्टा तुटला म्हणून. त्याला नम्रपणे सांगितलं, आता आम्ही दुरुस्ती करत नाही, कोलॅबोरेशन करतो. त्याने विचारलं, ते किती दिवसांत मिळतं.

९ फेब्रुवारी

कामाला बसवत नाही. टेबल खिडकीकडे सरकवलं. उजेड डोळ्यांवर येतो म्हणून परत आणलं. दोन्ही वेळा मधे ती पाटी आली. चहा चार.

१२ फेब्रुवारी

कंपनीचा फोटोग्राफर आला. पोस्टरसाठी कारागिराचे हात हवे होते. मी आठवडाभर हातांना बायकोचं क्रीम लावत होतो. त्याने माझे हात उलटसुलट बघितले आणि बाबांना उठवलं. तासभर बाबांच्या हातांचे फोटो काढले. काम माझंच, हात फक्त बाबांचे. सिनेमात डमी असतो तसं.

१५ फेब्रुवारी

कामाला प्रारंभ. म्हणजे चामडं कापलं. कापताना बाबा म्हणाले, आधी लाकडाचा साचा करून घे, बाटलीपेक्षा जरा मोठा. ओलं चामडं वाळताना आवळतं. मी समजावलं की कंपनीने अस्सल तीन बाटल्या दिल्यात, अस्सल बाटली समोर असताना लाकूड कशाला. शिवाय सुताराकडे जायचं म्हणजे एक दिवस गेला. बाबांनी मान हलवली आणि पेपर वाचायला घेतला. पटलं असणार.

१७ फेब्रुवारी, दुपार

चामडं भिजवून तिन्ही बाटल्यांवर ताणून बसवलं. काय फिटिंग आहे. बाटलीच्या अंगावरची नक्षीसुद्धा वरून दिसते.

सावलीत तीन दिवस वाळवायचं असतं. तोपर्यंत काय करायचं? अर्ध्या तासात सहा वेळा हात लावून पाहिला. ओलंच.

१८ फेब्रुवारी

बायकोचा हेअर ड्रायर लावला. दुपारच्या आत तिन्ही खडखडीत. ती ओल्या केसांनी कामावर गेली. कलेसाठी घरातल्या प्रत्येकाला थोडी झळ सोसावी लागते.

२१ फेब्रुवारी

शिलाई पूर्ण. बाटली आत ठेवूनच शिवलं, म्हणजे कुठे सुरकुती नको. टाके असे की मलाच माझा हेवा वाटला. बायकोलाही आवडलं. दोनदा हात फिरवला. मग म्हणाली, बाटली बाहेर काढून दाखव. मी म्हटलं, उगाच फिटिंग बिघडेल.

२२ फेब्रुवारी

ती गेल्यावर काढून पाहिली. निघत नाही.

साबण लावला. तेल लावलं. बाटली गुडघ्यांत धरून ओढली. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. तिन्हींचा स्वभाव एकच. म्हणजे कामात सातत्य आहे, हे कुणी नाकारू शकत नाही.

बाबा पेपरच्या वरून बघत होते. त्यांना सांगितलं, पकड कशी बसते ते पाहतोय.

२४ फेब्रुवारी

नवीन करायला वेळ आहे का? आहे, पण घाईघाईत दर्जा जातो. आणि साहेब काय बाटली उपसून बघणार आहेत? मोठी माणसं वरवरच बघतात. टेबल पुन्हा खिडकीकडे. चहा मोजणं सोडलं.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळ

साहेबांनी कव्हर हातात घेतलं आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे बाटली ओढली.

मग गोल चष्म्याने ओढली. मग मॅडमनी कव्हर घट्ट धरलं आणि त्याने गळ्याला धरून ओढलं. तो खुर्चीसकट मागे गेला. मॅडमची पर्स त्याच्या खुर्चीला अडकली होती, तिचा पट्टा उखडला. बाटली जागची हलली नाही.

साहेब शांतपणे म्हणाले की हे कव्हर घेणारा माणूस आमची दुसरी बाटली कधीच घेणार नाही. मी त्यांना बाटली आणि कव्हर यांच्या जन्मभराच्या नात्याची कल्पना सांगितली. ते घड्याळ बघत होते. उठताना म्हणाले, पोस्टरवरचे हात मात्र छान आहेत.

घरी सांगितलं, विचार करून कळवणार आहेत. बायकोने ताट वाढलं आणि काही विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

२८ फेब्रुवारी

फोन नाही. मोबाईल बिघडलाय का पाहायला बायकोला मिस कॉल द्यायला सांगितला. वाजला.

आठवडाभरात एक गिऱ्हाईक नाही. सगळ्यांना मीच परत पाठवलंय.

२ मार्च, दुपार

मॅडम आल्या. दारातून दिसल्या तसा मी उठलो, एप्रन बांधला, केस सारखे केले. मनात म्हटलं, साहेबांना रात्रभर झोप लागली नसणार.

मॅडमनी टेबलावर पर्स ठेवली. पट्टा तुटलेली. म्हणाल्या, दोन शोरूममध्ये विचारलं, कुणी करून देत नाही. मागे आले तेव्हा तुमच्या दारावर दुरुस्तीची पाटी पाहिल्यासारखं वाटतंय.

मी काही बोलण्याआधी बाबांनी सुई-दोरा माझ्यापुढे सरकवला.

शिवलं. मन लावून शिवलं. मॅडमनी दोन्ही हातांनी ओढून पाहिलं, हललं नाही. खूश झाल्या. म्हणाल्या, ऑफिसात सगळ्यांना सांगते. मग कव्हरांचं काय, असं मी विचारणार होतो. विचारलं नाही. त्यांनाही ते कळलं असावं, कारण त्या दारात क्षणभर थांबल्या आणि मग गेल्या.

२ मार्च, संध्याकाळ

पाटी टेबलाखालून काढली, पुसली. खिळा शोधत होतो. बाबांनी सदऱ्याच्या खिशातून काढून दिला. तोच जुना. महिनाभर खिशात ठेवला होता.

ठोकत होतो तेवढ्यात पोस्टमन आला. पाटीकडे बघून म्हणाला, संपलं का तुमचं ते कोलॅबोरेशन?

मी म्हटलं, छे, जोरात चालू आहे. पट्टा उद्या घेऊन या.