साठ पावलांची बंदूक

स्प्रिंगफील्ड, २ मार्च

ती. सौ. वेल्डाताईस,

सा. न. वि. वि. तुमच्या दरीत फोन लागत नाही, म्हणून पत्र. यंदा टर्कीच्या शिकारीला येतोय, नवी बाराबोअर बंदूक घेऊन! नळीच्या तोंडाला छर्रे पसरू न देणारा आवळता चोक, काडतुसात टंगस्टनचे बारीक, जड छर्रे. साठ पावलांवरचा नर जागच्या जागी आडवा. मित्राच्या शेतात भोपळ्यावर मारून पाहिली, नुसता लगदा झाला. ऑर्व्हिलदाजींना म्हणावं, तुमची ती हलकी, लहान नळीची वीसबोअर आता चिमण्या उडवायला ठेवा. गेल्या साली त्यांनी दोन मारले, मी हात हलवत परतलो, सगळा गाव फिदीफिदी हसला. यंदा तसं होणार नाही. तुझी ती पावासारखी मऊ बिस्किटं आणि वर ओतायची ग्रेव्ही तयार ठेव. माया आहेच, ती ताटातही पडू दे.

तुझा डॉर्सी

दरी, १० मार्च

चि. डॉर्सीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र ऐकून दाजी हसले, मी चिडले. अरे शहाण्या, बंदूक लांब मारते म्हणून डोळ्यांना लांबचं दिसतं का? बाबा चाळीस पावलांपुढे चाप ओढू देत नसत. चाळिसाच्या आत नराच्या छातीवर लोंबणारा केसांचा झुबका दिसतो. तो दिसल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही. लांबून नुसता पिसारा दिसतो. आणि आमचे हे! टर्कीचा वाळवलेला पिसारा तोंडापुढे धरून रांगत जातात, दुसरा नर आला समजून खरा नर चिडून अंगावर येतो म्हणे. सांगून सांगून थकले. दोघं एकाच डोंगरावर जाणार आहात. जुनी बंदूक आण रे. तू येतोस याचा आनंद मात्र खूप आहे.

तुझी ताई

स्प्रिंगफील्ड, २४ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. हॉस्पिटलात तुझ्यासमोर उभं राहवलं नाही, पळालो. कुरणापलीकडे पिसारा फुलला. मी झुबका शोधलाच नाही, मारला. पिसाऱ्याच्या चिंध्या उडाल्या आणि मागून माणसाची किंकाळी आली. दाजी गुडघ्यांवर होते, दोन्ही हात तोंडावर, बोटांतून रक्ताच्या धारा. गालाची चाळण झालेली, आतले दात दिसत होते. शर्ट फाडून दाबला तर हातपाय झाडायला लागले, कोण आहे, कोण आहे म्हणून विचारत राहिले. मी नाव सांगितलं नाही ताई. पाठीवर घालून रस्त्यापर्यंत आणलं. शिव्या दे, पण काहीतरी लिही. घरी येऊ का?

डॉर्सी

दरी, ९ मे

डॉर्सी,

डावा डोळा काढला. उजव्याला उजेड तेवढा कळतो. गळ्यातले दोन छर्रे शिरेला लागून आहेत, डॉक्टर हात लावत नाहीत. जबडा तारांनी बांधलाय, नळीनं सूप देते. बंदूक तुझी होती हे त्यांना मी सांगितलंय. काल दातांआडून पुटपुटले, अर्धा गाव येऊन गेला, आपला डॉर्सी का येत नाही? म्हणाले, रांगत मी गेलो, चूक माझीही आहे.

त्यांचं मन मोठं आहे, माझं नाही. आई गेल्यावर तुला कडेवर घेऊन वाढवलं ते याच हातांनी. रात्रंदिवस त्या चेहऱ्याच्या पट्ट्या बदलते आणि तुझा गळा डोळ्यांपुढे येतो.

त्यांनी बोलावलंय, तर ये. रविवारी मी चर्चला गेले की ये आणि मी परतायच्या आत नीघ. मी घरी असताना पायरी चढू नकोस. तू जगावास असं मला अजून वाटतं, पण माझ्या हातांची मला खात्री नाही.

वेल्डा