तिसाव्या अंशाची तबकडी

रजब ४
किल्ल्यावर जाऊन आले. बाबांचे डोळे गेल्यापासून यंत्रं मीच घडवते, सही त्यांची असते. गेल्या शुक्रवारी मशिदीत, नमाजाआधीच्या खुतब्यात ज्याचं नाव वाचलं तो नवा सुलतान, मलिक तुगान, वय सतरा, जर्दाळू खात बसला होता. बोलत होते ते वजीर मुहज्जब. ताऱ्यांवरून वेळ काढायला अस्तुरलाब हवाय — पितळी, सुलतानाचं नाव कोरलेला.

निघताना सुलतान जिन्यापर्यंत आला. हळूच म्हणाला, "उस्तादीणबाई, या यंत्रात प्रत्येक शहराची तबकडी वेगळी असते ना? मग मिसरची एक जास्त घाला. तिच्यावर काही लिहू नका."

मिसरला, नाईलकाठच्या त्या शहरात, त्याचे मामा असतात. इथे त्याच्या दोन्ही भावांचं काय झालं ते साऱ्या शहराला ठाऊक आहे.

रजब ५
बाबांना सांगावं लागलं. म्हणाले, "पोरी, ही पळून जायची तयारी आहे. तोंड बंद ठेव." माझं बंदच असतं. हमामात गेलं की सैल सुटतं ते त्यांचं.

रजब १९
मिसरची तबकडी झाली. रेषा केसाएवढ्या. चूक अर्ध्या अंशाच्या आत. शहराचं नाव घातलं नाही. मग सहाही तबकड्यांवर नेहमीसारखा शेवटचा हात फिरवला, पुसून कापडात बांधल्या.

रजब २२
यंत्र पोचतं केलं. सुलतानाने तबकड्या चाळल्या, माझ्याकडे न बघता वजिरांना म्हणाला, "बाई कधी हसत नाही. काम चोखच असणार." त्याला थट्टा जमते तर.

रजब २८
खुतब्यात आज दुसरंच नाव.

शाबान २
चार शुक्रवार. एवढंच राज्य.

त्याला धनुष्याच्या दोरीने गळा आवळून मारलं म्हणतात. भट्टीवर भाकरी आणायला गेले तर शेजारची उम्म दाऊद सांगत होती — पोरगा मिसरला पळणार हे वजिरांना आधीच कळलं होतं. पण हे ठाऊक होतं तिघांनाच. तो, मी, बाबा.

बाबांना विचारलं. "मी नाही," म्हणाले. विश्वास बसला नाही.

शाबान ६
बाबांशी बोलत नाही. ताट पुढे ठेवते आणि उठते. ते हाताने चाचपत जेवतात.

शाबान ९
यंत्र परत आलं. जुनं नाव खरवडून नव्या सुलतानाचं घालायचं आहे.

अर्धं नाव खरवडून झाल्यावर तबकड्या सुट्या केल्या. मिसरच्या तबकडीवर, मध्याजवळ, लाम हे बारीक अक्षर. त्याभोवती लाल शाईचं वर्तुळ, दरबारच्या ज्योतिष्याने काढलेलं. आमच्या मोजणीत अक्षरं हेच आकडे; लाम म्हणजे तीस. तीस अंशांचा अक्षांश म्हणजे मिसर. अंश घातल्याशिवाय तबकडी हातावेगळी करायची नाही, हे बाबांनी मला आठव्या वर्षी शिकवलं.

अक्षर माझं आहे.

बाबा पलीकडून विचारतायत, खरवडण्याचा आवाज का थांबला.