परीक्षा होईपर्यंत माहेरी

तंजावर, ४ ऑक्टोबर १८९३

गेली! अण्णांनी वत्सलेला सकाळच्या गाडीनं पापनाशमला माहेरी नेऊन पोचवलं. "बी.ए.ची परीक्षा होईपर्यंत राहू दे तिकडे. बायको घरात असली की पोराचं चित्त पुस्तकात राहत नाही." आपल्या लोकांत असंच करतात म्हणे! मला कोणी विचारलं? छे! वडील गेल्यापासून थोरले भाऊच बापाच्या जागी, त्यांच्यापुढे बोलायचं कसं! मी ओट्यावर पुस्तक धरून बसलो होतो. जाताना तिनं मागं वळून पाहिलं. मी पान उलटलं. भेकड!

९ ऑक्टोबर

कसलं चित्त अन् कसलं काय! ती इडलीचं पीठ वाटत बसायची, मी समोर बसून इतिहास म्हणून दाखवायचो — सगळा इंग्रजीत. तिला एक अक्षर कळायचं नाही. पण मी अडखळून काहीतरी पुढं रेटलं की हात थांबवून म्हणायची, "आता थापा मारताय!" आणि खरंच मारत असायचो! आता भिंतीला म्हणून दाखवतो. भिंतीला सगळंच पटतं.

१७ ऑक्टोबर

छातीत धडधड. अन्न जात नाही. आईनं सार-भात कालवून पुढ्यात ठेवला. कसाबसा गिळला आणि मागल्या अंगणात जाऊन ओकलो. आई म्हणाली, "दृष्ट लागली." वैद्य म्हणाले, "डोक्यात उष्णता." टाळूवर तेल थापलं. धडधड आहे ती आहेच, वर मानेवरून तेल गळतंय!

१८ ऑक्टोबर

तर्कशास्त्राच्या पुस्तकावर तेलाचा डाग. बरं झालं!

२६ ऑक्टोबर

वेण्णार नदीच्या काठी नटराज भेटला. माझ्याच वर्गातला, गेल्या खेपेला नापास झालेला. राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. तो हसायलाच लागला! "अरे रमणा, कॉलेजचं फाटक दिसलं की माझ्या पोटात कळ येते. मला वाटायचं, मी एकटाच!" मग दोघंही हसलो, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. घरी येऊन पोटभर जेवलो. झोपही लागली.

२९ ऑक्टोबर

अण्णांना कळलं. "नापासाची संगत? तुलाही बुडवील तो!" झालं — नटराजही बंद.

कचेरीतून दमून येतात, तरी माझ्या अभ्यासासाठी घरात कोणाला मोठ्यानं बोलू देत नाहीत. वहिनीनं भांडं आपटलं तर डोळे वटारतात. माझ्यावर जीव आहे त्यांचा. म्हणून तर धड रागावताही येत नाही! दुष्ट असते तर किती सोपं झालं असतं.

२१ नोव्हेंबर

तिरुवैयारुला जाता जाता सासरे डोकावले. "वत्सला कशी आहे?" — अगदी ओठांवर आलं होतं. पण वडीलधाऱ्यांसमोर आपल्याच बायकोची चौकशी कशी करायची? विचारलं काय, तर "यंदा भात कसं आहे?"

म्हणाले, भात बरं आहे.

निघताना मात्र पायरीशी थांबून हळूच म्हणाले, "पोर नीट जेवत नाही हो." मी नुसती मान हलवली. मान हलवायला शिकलोय तेवढं!

१२ डिसेंबर

काही वाचलं नाही. काही जेवलो नाही. नुसतं रडू येतं. हे कोणाला सांगू?

१६ जानेवारी १८९४

इतिहासाचा पेपर झाला. सुरुवातीला पहिलं वाक्यच सुचेना. डोळे मिटले. समजलो, ती समोर पीठ वाटत बसलीय आणि मी तिला सांगतोय. मग लिहीतच सुटलो. एकही थाप मारली नाही!

ठरलं. पास होवो, नापास होवो, निकाल लागला की अण्णांना तोंडावर सांगणार — तिला आणा. तिच्यावाचून मी आजारी पडतो, हेही सांगणार.

२० फेब्रुवारी

पास! मद्रासेहून तार आली. आईनं साखर वाटली. मी धीर करून म्हटलं, "अण्णा, आता वत्सलेला..."

"तेच सांगणार होतो," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "बघ, तिला तिकडे ठेवल्याचा कसा गुण आला! आता मद्रासेला तुझा कायद्याचा अभ्यास होईपर्यंत तिथंच राहू दे."

मी वाकून नमस्कार केला.