ठिपक्यांचं पोलकं

४ नोव्हें.
इथल्या मराठी मंडळाच्या वैशालीताईंचा फोन. संक्रांतीनिमित्त सव्वाशे वर्षांपूर्वीच्या बायकांचा फॅशन शो. नऊवारी, पोलकं, बूट-मोजे. नंतर हळदीकुंकू. "तू निवेदन कर गं, तुझं मराठी छान." दरवर्षी मी स्टेजवर असते. अजय गेल्यानंतरचा हा पहिला कार्यक्रम. बरं म्हटलं. वाईट वाटतंय का, पाहिलं. नाही.

९ नोव्हें.
ग्रुपवर सगळं रोमन लिपीत. 'पोलका' वाचून प्रियानं इथल्या नजमा बाजारातून ठिपक्यांचं कापड आणलं. अख्खा तागा. "पोलका डॉटच ना?" सगळ्या हसल्या. मीही हसले असेन. दुकानदार परत घेत नाही. तागा माझ्या गाडीत.

१८ नोव्हें.
निवेदन लिहितेय. गळ्यापर्यंत बटणं. खांद्याशी फुगे, मनगटाला लेस. त्या काळच्या फोटोत पाय मुद्दाम पुढे, बूट दिसावेत म्हणून.
सई म्हणाली, "आई, व्हॉट वुड यू हॅव वोर्न?"
आलवण. नवरा गेलेलीचं लाल लुगडं. आत पोलकं नाही.
"दॅट्स इट?"
हो. केसांचं सांगितलं नाही. जेवलो.

२ डिसें.
ठिपक्यांच्या कापडातून पोलकं बेतलं. माझ्या मापाचं. का ते...
डाव्या बाहीचा फुगा बसेना. उसवला. परत घातला.

९ जाने.
तालीम. पोलकं घालून गेले. वैशालीताई: "अय्या! निवेदिका पण नटणार?"
म्हटलं, निवेदन नाही करत. रॅम्पवर चालणार आहे.
मग त्या हळूच, "अगं, पण लगेच तिथेच हळदीकुंकू, सगळ्या ओळीत उभ्या, म्हणजे तुलाच..." पुढचं सोडून दिलं.
"यल्ला, चला, म्युझिक लावा," प्रिया म्हणाली.
चालले. पायांना काही फरक कळला नाही.

१५ जाने.
कार्यक्रम उद्या. निवेदन प्रिया वाचणार. सई पहिल्या रांगेत बसणार म्हणते. बसू दे. बघेल काय ते.
वैशालीताईंना विचारलं, चालून झाल्यावर मी ओळीत कुठे उभी राहू?
'तू जरा विंगेतच', उत्तर आलं. वाचेपर्यंत डिलीट झालं.
मग 'टायपिंग' दिसलं. थांबलं. परत दिसलं.
भात लावला. अजून 'टायपिंग'च.