सत्याग्रह्यांचे पाय

४ ऑगस्ट १९५५

आज बुटांवरून भांडण! गोव्यात पायी शिरायचं, तेही असल्या पावसात, आणि कऱ्हाडचे हे वकील नवेकोरे बूट घालून इथे वेंगुर्ल्याला उतरले. म्हटलं, वाटेत शिरोडा येईपर्यंत आत पाणी साठेल, टाचा सोलून निघतील. तर म्हणतात, "बाई, मी पन्हाळा चढलोय." चढा! इथे चिखल आहे, पन्हाळा नाही.

सत्यवान इथे सत्याग्रहींची सगळी व्यवस्था बघतो. त्याने माझ्या गळ्यात दोन कामं घातली. काजूच्या वखारीत उतरलेल्यांना जेवू घालायचं, आणि निघण्याआधी प्रत्येकाचे पाय बघायचे. लग्नाआधी मी दवाखान्यात कामाला होते, एवढं बरं लक्षात राहिलं त्याच्या! चालण्याजोगा पाय नसेल त्याला मी थांबवायचं. थांबवलं की माणूस रडतो, नाहीतर भाषण करतो.

आणि उकडा भात कोणाला नको. "जाड लागतो." "पोळी नाही का?" नाही!

६ ऑगस्ट

काठ्या, चाकू काढून घेतले. सत्याग्रहात हातात काही नको. वकील छत्री सोडेनात. "छत्री हे शस्त्र नव्हे." सत्यवानशी जेवण निवेपर्यंत वाद. शेवटी छत्री त्यांच्यापाशीच राहिली आणि आमटी थंड झाली.

घरी आले तर हे पडवीत बसून सुपारी कातरत होते. गाव जमलाय वखारीत, पण ह्यांना, गावाच्या दाजींना, जागचं हलायला नको. म्हटलं, निदान लाकडाची एक मोळी तरी पोचवा.

"माझ्या कमरेत लचक आसा," म्हणाले. आणि वर, "चलान खंय स्वातंत्र्य गावता गो? पाय तेवढे दुखतले."

चालून काही मिळत नाही म्हणे! अडकित्ता फेकून द्यावासा वाटला.

८ ऑगस्ट

जेवताना वकिलांनी विचारलं, "तुमचं कोणी आहे का हो गोव्यात?" मी भात वाढत राहिले.

आहे. सुभद्रा पेडण्याला दिली, आमची एकुलती एक. इथून एका दिवसाची वाट. हद्द बंद झाली आणि येणंजाणं तुटलं. शिमग्याला कोणाकडून तरी निरोप आला, तेव्हा तिला पाचवा लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं म्हणून मागची खोली सारवली होती. आता बाळंत होऊन महिना उलटला असेल. की काही — नाही, ते लिहायचं नाही.

ह्यांनी शिमग्यापासून तिचं नावसुद्धा काढलेलं नाही. दगड!

१० ऑगस्ट

पाऊस. ओली लाकडं. धुराने डोळे गेले. आणि कोणाला तरी पोळी हवीच आहे!

१३ ऑगस्ट

उद्या तुकडी निघणार. अरोंद्याला मुक्काम, परवा नदी ओलांडून गोव्यात. सकाळपासून पाय बघत बसले. नखं, टाचा, बोटांतल्या चिखल्या. दोघांना थांबवलं. एक रडला, एकाने भाषण केलं. वकिलांनी बूट काढले, दाखवले, परत घातले. मी कपाळावर हात मारला.

पुढचा पाय समोर आला आणि माझा हात थांबला. अंगठ्याचं नख वाकडं, कोयता लागून झालेलं. वर न बघताच ओळखलं.

"तुमी? हंयसर कित्याक इलास?"

"पाय बघ गो. मागे माणसा उभी आसत."

"कमरेत लचक होती ना?"

"मगे कमर नको बघू. पाय बघ."

अंगाची लाही झाली. इतके दिवस मोळी उचलवत नव्हती! "चलान काय गावता, तुमीच म्हणत होतास."

त्यांनी मान खाली घातली. हळूच म्हणाले, "त्या स्वातंत्र्याचा माका समजत नाय. पण पेडण्याक जावची हीच एक वाट ऱ्हवली आसा."

मी खोट शोधली. देवाशपथ शोधली! टाच फुटलेली नाही, फोड नाही, सूज नाही. रुंद, निबर पाय. मी नुसतं "नाय" म्हटलं असतं तरी सत्यवानने त्यांना घरी पाठवलं असतं.

"जावा," म्हटलं. आवाज चिडकाच निघाला.

१४ ऑगस्ट

गेले. भर पावसात, घोषणा देत. हे घोषणा देत नव्हते. मागे वळून बघितलंही नाही.

१६ ऑगस्ट

बांद्याच्या बाजूला गोळीबार झाला म्हणतात. माणसं मेली. अरोंद्याच्या तुकडीचं कोणी काही सांगत नाही. सत्यवानवर ओरडले. तो चुलीत लाकडं सारू लागला, म्हणून आणखी ओरडले.

१७ ऑगस्ट

वकील परत आले. कपाळाला पट्टी, हात गळ्यात बांधलेला. पायाला मात्र एक फोड नाही मेल्याच्या!

म्हणाले, "नदी ओलांडली. पलीकडे शिपायांनी अडवलं, दंडुके चालवले, आम्हाला ढकलत परत होडीत कोंबलं. दाजी तेवढे वाटेवर मांडी घालून बसले. शिपायाने विचारलं, कुठे जायचंय? तर म्हणाले, 'चेडवाकडे.' मारलं तरी तेच. शेवटी चौघांनी उचलून नेलं." मग, "वहिनी, चेडू म्हणजे काय हो?"

"मुलगी," मी म्हटलं.

त्यांना भात वाढला. पोळी न मागता जेवले.

२२ ऑगस्ट

होडीवाला बाबली कसा कोण जाणे पलीकडे जाऊन आला. हे पेडण्याच्या कोठडीत आहेत. सुभद्राला कळलं तशी ती दोन्ही वेळ डबा घेऊन जाते, पदराखाली लेक घेऊन. एवढ्याशा पोरीला पावसातून! शिपाई आत सोडत नाहीत, तर गजांतून नातीचा पाय आजोबांच्या हातात देते.

"आवशीक सांग," बाबलीकडे मला निरोप, "बाबा लय कटकट करतत. आमटीत मीठ नाय म्हणतत."

ऐक गो माझे बाय, त्यांची कटकट. ऐक.